माल्दाच्या डोक्यावरचं पाणी

हात तुम्ही वर केलेत. आता नाकारू नका. तुमच्या प्रॉटेस्टंट महासभेचं मोठं सभागृह होतं, खुर्च्यांना मखमल होती, दुपारची जेवणं उरकली होती, आणि व्यासपीठावरून कुणीतरी विचारलं की कॅथलिकांनी डोक्यावर घातलेलं पाणी बाप्तिस्मा म्हणून धरायचं की नाही. तुमच्यातले काही पेंगत होते, काहींना गाडी गाठायची होती. 'धरायचं नाही' म्हणणाऱ्यांनी हात वर करा. केलेत. मग पुढचा विषय आला, पेन्शनचा, आणि त्यावर मात्र अंधार पडेपर्यंत भांडलात.

वर गेलेला हात खाली येतो तेव्हा कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. तुमचा पडला तो बांग माल्दा नावाच्या एका म्हातारीच्या डोक्यावर. तुम्ही तिला ओळखत नाही. न ओळखताच तुम्ही ठरवलंत की ही बाई ख्रिस्ती नाही, कधी नव्हती.

तुमचा निर्णय सॉक्कोल गावात पोचला तो मिरच्यांच्या दिवसांत. हिवाळ्याची किमची, म्हणजे मिरची-मिठात मुरवलेली कोबी, घालायचा हंगाम तोंडावर आला होता आणि गावातली यच्चयावत मिरची ओक्नानच्या गिरणीवर येऊन पडली होती. ओक्नान म्हणजे या माल्दाची धाकटी लेक. साठी उलटलेली, विधवा, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तिच्या गिरणीत तिळाचं तेल निघतं, तांदळाचं पीठ निघतं आणि मिरचीचं तिखट निघतं, आणि गावातल्या बातम्याही तिथूनच दळून निघतात. त्या दिवशी शेजारची दॉक्सुन आपल्या मिरच्यांवर नजर ठेवून बसली होती. दॉक्सुन गावातल्या छोट्या प्रॉटेस्टंट चर्चची. ओक्नान टेकडीवरच्या कॅथलिक देवळातली. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी संसाराला लागल्या, तेव्हापासून किमची एकत्र घालतात आणि तिखट जास्त झालं की एकमेकींवर ढकलतात.

"ओक्नान, तुझा दादा आलाय गं," दॉक्सुन नाकाला रुमाल लावून ओरडली. "मिरची न्यायला सूट घालून आलाय. लग्न आहे का मिरचीचं?"

इन्सॉप दारात उभा होता. ओक्नानहून चार वर्षांनी मोठा, छॉनान शहरात औषधांचं दुकान, बायको शहरातलीच आणि जन्मापासून प्रॉटेस्टंट. लग्न झालं तसा तोही तिच्या चर्चला जायला लागला. त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि त्यावरून घरात कधी भांडण झालं नव्हतं. बाप तेव्हा जिवंत होता. तो एवढंच म्हणाला होता, देव तोच आहे, फक्त बाकं जास्त मऊ आहेत.

"मशीन बंद कर जरा," इन्सॉप म्हणाला. "आनंदाची बातमी आहे."

"मध्येच बंद केलं तर मिरची करपते. तू बोल, मला ऐकू येतं."

"आईचा बाप्तिस्मा झाला. परवाच्या रविवारी."

ओक्नाननं मशीन बंद केलं. मिरची करपली.

"कुणाच्या आईचा?"

"असं काय विचारतेस?"

"मग कसं विचारू? आपल्या आईचा झाला तेव्हा तूही नव्हतास आणि मीही नव्हते. आजोबांच्या बरण्यांच्या भट्टीवर झाला तो. बरणीच्या झाकणात पाणी घेऊन."

"तो आता धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"महासभेनं ठरवलंय. सप्टेंबरात. सगळ्या चर्चना कळवलंय."

"महासभा होती का त्या भट्टीवर?"

"ओक्नान, मी भांडायला आलेलो नाही."

"दादा, तुझ्या डोक्यावरही त्याच देवळात पाणी पडलंय. मोठ्यानं बोंबललास म्हणून फादरनी तुझ्या तोंडात बाप्तिस्म्याच्या मिठाऐवजी गुळाचा खडा घातला होता. आई अजून सांगते. सांगायची."

इन्सॉपनं टायची गाठ चाचपली. "मी पुन्हा घेतला बाप्तिस्मा. गेल्या महिन्यात. सगळ्यांसमोर."

"अरे बाप रे," दॉक्सुन मध्येच म्हणाली. "किती वेळा डोकं धुणार, भाऊजी? आधीच केस कमी."

कुणी हसलं नाही. इन्सॉप एका पोत्यावर बसला. सूट लाल झाला. मग तो हळू आवाजात बोलायला लागला आणि ओक्नानच्या लक्षात आलं की हा खरं बोलतोय, आणि तेच जास्त वाईट आहे. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात त्याचं नाव पुढे आलं होतं. ते तर होतंच. पास्टर मूननी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमची आई अजून मूर्तीपुढे बसते का हो? तेव्हापासून डोळे मिटले की आई आगीत दिसायची, चुलीपुढे बसलेली नाही, आगीत.

"तू दुकानात दिवसभर औषधं विकतोस आणि भीती त्यांच्याकडून विकत घेतोस," ओक्नान म्हणाली. "आई हो म्हणाली?"

"हो म्हणाली. स्वतःच्या तोंडानं. पास्टरनी एकेक प्रश्न विचारला, प्रत्येकाला हो म्हणाली. मी रडलो, ओक्नान. सगळा वॉर्ड रडला."

ओक्नान त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं करपलेलं तिखट घमेल्यात काढलं आणि बाहेर नेऊन नालीत ओतलं. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मिरचीच्या गिरणीत ते कुणी विचारत नाही.

माल्दाला वसंतात अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं. वाचा गेली. ओक्नाननं दोन महिने तिला एकटीनं उचललं, पुसलं, भरवलं, आणि मग एके सकाळी दोघीही न्हाणीत पडल्या आणि दुपारपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हा इन्सॉपनं तिला छॉनानला नेलं, त्याच्या चर्चशी संबंध असलेल्या शुश्रूषा रुग्णालयात. दाखल करताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं होतं, "ख्रिस्ती का कॅथलिक?" हा प्रश्न या देशात असाच विचारतात, चहा का कॉफी विचारावं तसा. ओक्नाननं कॅथलिक सांगितलं होतं. त्यात काही बिघडलं असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. सगळा जन्म तिनं हेच उत्तर दिलं होतं.

आणि माल्दाची वाचा गेली म्हणजे सगळी नाही गेली. एक शब्द उरला होता. 'हो'.

दुखतंय का? हो. जेवलीस का? हो. नाही जेवलीस? हो. वॉर्डमधल्या बायका तिची गंमत करायच्या. आजी, तुमचं शेत माझ्या नावावर करता? हो. आजी, मला सून करून घेता? हो. आणि ती स्वतःही हसायची, अर्ध्या तोंडानं, कारण डोक्यात सगळं जागेवर होतं. फक्त तोंडाच्या दाराशी एकच शब्द पहारा देत उभा होता आणि बाकीच्यांना बाहेर पडू देत नव्हता. इन्सॉपला हे ठाऊक होतं. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून समजावलं होतं.

आता नावाचं सांगायला हवं.

माल्दा ज्या वाडीत जन्मली ती कुंभारांची. पिढीजात कुंभार नव्हेत. शिकलीसवरलेली, जमीनजुमल्याची माणसं होती ती, आणि दीडशे वर्षांपूर्वी राजानं कॅथलिकांची मुंडकी छाटायला सुरुवात केली तेव्हा डोंगरात पळाली. तिथे माती होती, लाकूड होतं, आणि बरण्या पाठीवर लादून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. माल्दाच्या आजोबांचा बाप हेमीच्या किल्ल्यात मेला. त्याला एकच प्रश्न विचारला होता, येशूला सोडतोस का? त्याला 'नाही' म्हणता येत होतं. तो म्हणाला. ज्यानं तलवार चालवली त्याला हा माणूस ख्रिस्ती आहे की नाही याबद्दल काडीची शंका नव्हती. त्याला महासभा भरवावी लागली नाही.

त्या वाडीत फादर वर्षातून एकदा यायचे. पोर जन्मलं की जाणता माणूस बरणीच्या झाकणात पाणी घ्यायचा, डोक्यावर घालायचा आणि संताचं नाव ठेवायचा. मुलीला दुसरं नाव ठेवायची कुणाला फुरसतच नव्हती. मार्था हे नाव त्या डोंगरातल्या जिभांवर घासून घासून माल्दा झालं होतं, आणि सरकारी कारकुनानं विचारलं तेव्हा बापानं तेच सांगितलं. म्हणजे बाकीच्यांना घरचं एक नाव असतं आणि देवळातलं एक, तसं तिचं नव्हतं. तिला एकच नाव होतं आणि ते त्या पाण्यातून आलं होतं. पाण्याच्या आधी ती नुसती 'पोर' होती.

हे इन्सॉपला ठाऊक होतं. लहानपणी आई दोघांना मांडीवर घेऊन सांगायची.

दुसऱ्या दिवशी ओक्नान छॉनानला गेली. माल्दा खिडकीपाशी होती. मनगट मोकळं होतं. लाकडी मण्यांची जपमाळ, नवऱ्यानं पेरूच्या फांदीसारख्या गुळगुळीत लाकडातून कोरलेली, झटक्यानंतरही डाव्या मनगटाला गुंडाळलेली असायची. ती नव्हती.

वॉर्डात आजाऱ्यांचं बघणारी ह्वाजा नावाची बाई होती, चीनमधल्या यानब्यानकडून पोटासाठी आलेली. धर्माशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, मला काही बोलू नका. पास्टर म्हणाले आता हिची गरज नाही. तुमच्या वहिनींनी काढली आणि पर्समध्ये टाकली."

"कसं झालं सगळं? तू होतीस ना?"

"होते तर! मीच उशी धरली होती. केक आणला होता, स्ट्रॉबेरीचा. गाणी झाली. पास्टरनी विचारलं, तू पापी आहेस हे मानतेस का? आजी म्हणाली हो. येशूला तारणारा मानतेस का? हो. मूर्तिपूजा सोडतेस का? हो. शेवटचा प्रश्न त्यांचा निम्मा व्हायच्या आत हो म्हणाली, तर पास्टर म्हणाले, बघा, किती आतुर आहे! मला हसू आलं, तर वहिनींनी डोळे वटारले. मी म्हणणार होते, पास्टर, मी हिला काल विचारलं होतं, आजी तू चीनची राणी आहेस का, तेव्हाही असंच म्हणाली होती."

"मग म्हणाली का नाहीस?"

"ताई, माझी नोकरी आहे."

ओक्नान आईपाशी बसली. माल्दानं तिच्या हाताचा वास घेतला, मिरचीचा, आणि अर्ध्या तोंडानं हसली.

"आई, तू ख्रिस्ती आहेस का?"

"हो."

"कॅथलिक आहेस?"

"हो."

"मग बुद्धाची आहेस का गं?"

"हो." आणि आईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. हसण्याचं की कसलं ते ओक्नानला कळलं नाही. आईचा डावा हात क्रुसाची खूण करायला उचलला गेला, कपाळाकडे, छातीकडे, खांद्याकडे. अर्ध्यात थांबला. ती दाराकडे बघत होती.

"हल्ली असंच करते," ह्वाजा म्हणाली. "वहिनी आल्या की हा हात धरून ठेवतात. म्हणतात, प्रार्थना हात जोडून करायची."

काही सुचेनासं झालं की ओक्नान गिरणीत जे करते तेच तिनं केलं. मेलेल्यांसाठी म्हणायची ती लांबलचक प्रार्थना पुटपुटायला लागली. सॉक्कोलमध्ये कुणीही गेलं की बायका प्रेतापाशी दोन बाजूंना बसतात आणि एक ओळ इकडच्या, एक ओळ तिकडच्या अशी रात्रभर गातात. चाल ना धड गाण्याची, ना रडण्याची, जात्यावर बसल्यासारखी. माल्दानं हे साठ वर्षं गायलं होतं, शत्रूंसाठीसुद्धा. ओक्नाननं आपली ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली.

तर पुढची ओळ आली.

आईच्या तोंडून आली. अख्खी. शब्द न शब्द, चालीसकट, जुन्या डोंगरी उच्चारांसकट. ओक्नाननं घाबरून पुढची म्हटली, आई त्याच्या पुढची. संतांची नावं आली, एकामागून एक, आणि त्यांत मार्था आली तेव्हा म्हातारीनं आपल्याच छातीवर बोट ठेवलं.

"अगं बाई, आजी बोलते!" ह्वाजानं हातातला टॉवेल टाकला आणि आपला मोबाइल पुढे धरला. शेजारच्या खाटांवरच्या म्हाताऱ्या उठून बसल्या. डॉक्टर आला. तो म्हणाला, असं होतं, जन्मभर घोकलेलं मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतं, तिथे झटका पोचत नाही. ओक्नान म्हणाली, डॉक्टर, मला कोपरा नका सांगू, माझी आई तिथेच राहते.

तिनंही ते सगळं आईकडून पुन्हा म्हणवून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि इन्सॉपच्या दुकानात जाऊन काउंटरवर ठेवलं. त्यानं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवलं.

"दादा, हे आईचं बोलणं आहे. ते 'हो' तिचं नाही."

"पाठांतर आहे ते," इन्सॉप म्हणाला. "पास्टर म्हणतात, पाठ केलेली प्रार्थना पोपटही म्हणेल."

"म्हणजे आधीच ऐकवलंयस त्यांना? ह्वाजानं पाठवलं वाटतं?"

तो थांबवलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"तुमच्या पोपटाला एकच शब्द येत होता, दादा. त्याच्यावर केक कापलात."

ओक्नान टेकडीवरच्या आपल्या फादरकडे गेली. तरुण होते, चष्म्याचे, सभ्य. त्यांनी तिला लिंबाचा चहा दिला आणि समजावलं की एकदा पडलेलं पाणी पुसलं जात नाही, मावशी. त्यांनी पुन्हा घातलं तर आई फक्त ओली झाली, दुसरं काही नाही. आईची जागा तुमच्या वडिलांशेजारी टेकडीवर राखलेली आहे, ती आहेच.

"मग एवढं त्या पास्टरना सांगाल? फोन करून?"

फादरनी चमच्यानं चहा ढवळला. "जानेवारीत सगळ्या चर्चची मिळून प्रार्थना असते, मावशी. आमचा आणि त्यांचा कॉयर एकत्र गातो. आत्ता वाद नको. वरून योग्य त्या भाषेत नाराजी कळवली आहे."

"आमच्या आजोबांच्या आजोबांनीही योग्य त्या भाषेत कळवायला हवं होतं," ओक्नान म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली. इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. दाराशी तिला आठवलं की याच देवळात, दॉक्सुनच्या पुतणीनं कॅथलिक मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा, आधीच्या फादरनी तिच्याही डोक्यावर परत पाणी घातलं होतं. न जाणो, म्हणून. 'न जाणो' हेही एक हात वर करणंच आहे. तेव्हा ओक्नाननं टाळ्या वाजवल्या होत्या.

माल्दा गेली ती किमचीच्या ऐन दिवसात, सकाळी, पेज घेता घेता. ह्वाजानं विचारलं होतं, आजी, पुरे का? आणि आजी हो म्हणाली होती. बहुधा पहिल्यांदाच बरोबर.

या देशात प्रेतावर हक्क थोरल्या मुलाचा. सॉक्कोलच्या बायका व्हॅन करून छॉनानच्या अंत्यविधी-गृहात पोचल्या, हातांना मीठ-मिरचीचा वास तसाच, पिशव्यांत प्रार्थनेची पुस्तकं. दॉक्सुनही बरोबर. फुलांमध्ये माल्दाची तसबीर, खाली पाटी: 'दिवंगत भगिनी बांग माल्दा'. दारात चर्चचा एक माणूस उभा होता, दंडाला फीत बांधलेला. अदबीनं वाकला.

"या, या. लांबून आलात. जेवून घ्या. फक्त ते गाणं नको. मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात कोण मेलंय?" दॉक्सुननं विचारलं. "आमची माल्दा मेलीय."

"तुम्ही पण कॅथलिक का?"

"मी तुमचीच आहे बाबा. म्हणून तर लाज वाटतेय."

बायका आत बसल्या. मांसाचा लालभडक तिखट रस्सा आणि भात पुढे आला. लुसिया काकू नावाची सगळ्यात म्हातारी बाई होती, माल्दाच्या बरोबरीची. ती एक घास खाई आणि एक ओळ ओठांतल्या ओठांत म्हणे. समोरची बाई पाणी पिई आणि पुढची ओळ म्हणे. कुणालाच पकडता येईना.

ओक्नानला वहिनीनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं. टेकडीवर नाही, चर्चच्या स्मृतिबागेत ठेवायचं ठरलंय. हिरवळ आहे, दगडी पाटी आहे. पाटीवर नाव येतं आणि खाली बाप्तिस्म्याचं साल.

"कुठलं साल?"

"हेच. यंदाचं."

म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांची बाई आणि एका महिन्याची ख्रिस्ती. नवऱ्याच्या शेजारची जागा टेकडीवर रिकामी, आणि इथे गवतात ही पाटी, येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगणारी की हिचा जन्म वाया गेला होता पण शेवटी थोडक्यात वाचली.

पेटीत ठेवायची वेळ आली. माल्दाला तागाच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं. प्रेताच्या खोलीला असलेल्या काचेच्या या बाजूला सगळे दाटीनं उभे. पास्टर मून वाईट माणूस नव्हता. आवाज मऊ होता, त्यानं आजारात बाईचे पाय चोळले होते, ह्वाजानंच सांगितलं होतं. तो म्हणाला, "आपली ही भगिनी आयुष्यभर प्रभूला न ओळखता जगली. पण प्रभूची कृपा बघा, अखेरच्या घटकेला..."

"आमेन," माणसं म्हणाली.

"पास्टर," ओक्नान म्हणाली. "एक विचारायचंय."

वहिनीनं तिची बाही ओढली. ओक्नाननं बाही सोडवून घेतली.

"तुम्ही पाणी घातलंत तेव्हा हाक काय मारलीत?"

पास्टर मून गोंधळला. "नावानंच. बांग माल्दा, मी तुला बाप्तिस्मा देतो, असं."

"माल्दा नाव तुम्हाला कसं वाटलं?"

"छान आहे. जुन्या खेड्यातलं, गोड. मी तेव्हा बोललोही होतो."

"ते मार्था आहे, पास्टर. तुमच्या बायबलातली. जिच्या घरी येशू जेवायला आला होता, ती. माझ्या आईला दुसरं नाव नव्हतं. सरकारात नाही, सासरी नाही. ते त्या झाकणातल्या पाण्याबरोबर आलं. ज्या पाण्याला तुम्ही पाणीही म्हणत नाही त्यातून उचललेलं नाव तुम्ही तुमच्या पाण्यात वापरलंत. कसं चाललं?"

कुणीतरी खोकलं. पास्टर मूनचा चेहरा खरोखर उतरला. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि इन्सॉपकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

सगळे इन्सॉपकडे बघायला लागले. थोरला मुलगा, काळा सूट, होऊ घातलेला चर्चचा वडील. त्यानं काचेपलीकडच्या पांढऱ्या गुंडाळीकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओक्नान वाट बघत होती. एवढंच हवं होतं तिला, त्यानं तो एक शब्द म्हणावा, आईला अखेरपर्यंत जमलेला.

त्यानं तोंड मिटलं.

"ताई, हा निर्णय माझा नाही," पास्टर मून शेवटी म्हणाला. "वरचा आहे. मला पाळावा लागतो."

"वर म्हणजे किती वर? देवाच्या खाली की वर?"

पाठीमागे लुसिया काकूनं आवाज चढवला आणि पहिली ओळ म्हटली, मोठ्यानं. पलीकडून दुसरी ओळ यायला हवी होती. सॉक्कोलच्या बायका चर्चच्या माणसांकडे बघून कचरल्या. ती ओळ म्हटली दॉक्सुननं. चुकत, अडखळत, चाल सोडून. गिरणीत बसून बसून ऐकून पाठ झालेली.

माल्दाला स्मृतिबागेतच ठेवलं. थोरल्या मुलाचा हक्क. टेकडीवर बापाशेजारी गवत वाढलंय. इन्सॉप वडीलमंडळात गेला, तिथल्या खुर्च्यांनाही मखमल आहे. जपमाळ त्यानं पाकिटात घालून पोस्टानं पाठवली, सोबत चिठ्ठी नाही.

आणि पाटी अजून कोरी आहे. दगड बसवलाय, पण कारागिरानं दोनदा फोन करून विचारलं, नाव काय टाकू, तर इन्सॉप म्हणतो, सांगतो नंतर. त्याला सांगता येत नाही. त्यानं ती गोष्ट आईच्या मांडीवर ऐकलीय. कारागीर मग गिरणीत फोन करतो. ओक्नान म्हणते, मला विचारू नका, ज्यांनी ठरवलं त्यांना विचारा.

म्हणून तुम्हाला विचारतोय. तुम्हालाच, ज्यांनी हात वर केले. ते पाणी खोटं असेल तर त्यातून आलेलं नावही खोटं, मग त्या दगडाखाली कोण आहे? आणि नाव खरं असेल तर तुमचा हात कशासाठी वर गेला होता? जेवण जड झालं होतं, गाडी गाठायची होती, हे चालणार नाही. कारागीर छिन्नी घेऊन बसलाय. बोला. काय कोरायचं?